नाशिकहून परदेशात जाऊन फुल टाइम ऑनलाइन धंदा करायचाय? माझ्या चुकांसकट सगळी प्रोसेस

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या सात-आठ जणांना हे सगळं फोनवर सांगून झालंय, दर वेळी तासभर जातो आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अरे ते एक सांगायचं राहिलंच, म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय.

मी सिडकोतला. बाबा अंबडच्या एका कंपनीतून रिटायर झाले, घरात आजवर कुणी धंदा केलेला नाही. माझं काम म्हणजे बाहेरच्या छोट्या ऑनलाइन दुकानांसाठी ईमेल आणि प्रॉडक्ट पेज लिहून, डिझाइन करून देणं, महिन्याच्या ठरलेल्या फीवर, आणि जोडीला थोडी टेम्प्लेट विकतो. चार वर्षं गच्चीवरच्या खोलीत पत्र्याखाली बसून हे केलं, २०२४ च्या नोव्हेंबरात पोर्तुगालला आलो, आता ब्रागा नावाच्या गावात राहतो. त्यामुळे उदाहरणं पोर्तुगालची येतील, पण नाशिकमध्ये करायचं जे काम आहे ते बरंचसं कुठल्याही देशासाठी तेच आहे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न "व्हिसा कसा मिळाला रे?" असतो. व्हिसाचा फॉर्म भरायला मला एक दुपार लागली. धंदा कागदावर दिसेल असा करायला अकरा महिने लागले. म्हणून खालचा क्रम माझ्या क्रमासारखा नाहीये, मी उलटं केलं होतं.

१. आधी इथे टिकून दाखवा

हे थोडक्यात सांगतो कारण कुणालाच ऐकायचं नसतं. तिकडे गेल्यावर धंदा सुरू करू, तिकडचं वातावरणच वेगळं असतं, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे की गंगापूर रोडला ज्या खोलीचं भाडं पंधरा हजार आहे तशी खोली तिकडे साठ-सत्तर हजारात मिळते आणि क्लायंट मात्र तेच असतात. किमान वर्षभर सलग, दर महिन्याला, घरखर्च आणि बचत भागेल एवढं यायला लागलं की मग पुढचं वाचा. एकाच क्लायंटवर अर्ध्याहून जास्त कमाई असेल तर अजून थांबा, माझा असा एक क्लायंट व्हिसाची फाइल देण्याच्या दोन महिने आधी सुटला होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं.

२. देश निवडताना यूट्यूब कमी बघा

बऱ्याच देशांनी आता रिमोट काम करणाऱ्यांसाठी वेगळे व्हिसा काढलेत. प्रत्येकाची अट कमाईची असते, आणि ती अट कशाला बांधलेली आहे ते बघायचं.

पोर्तुगालचा असा व्हिसा म्हणजे डी-८, तो ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी सुरू झाला. अट अशी की तिथल्या किमान पगाराच्या चौपट महिन्याची कमाई, मागच्या तीन महिन्यांची सरासरी. मी अर्ज केला तेव्हा किमान पगार ८२० युरो होता म्हणून ३२८० लागले, २०२५ ला ८७० झाला, २०२६ ला ९२०, म्हणजे आता ३६८० युरो. रुपयात पावणेचार ते चार लाखांच्या आसपास, महिन्याला. दर जानेवारीत आकडा सरकतो, तेव्हा डिसेंबरात काठावर असाल तर फाइल जानेवारीवर ढकलू नका.

स्पेनचंही तसंच, किमान पगाराच्या दुप्पट, पण तिथे एक अट आहे की फ्रीलान्स असाल तर स्पॅनिश कंपन्यांकडून येणारं काम एकूण कामाच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये. एस्टोनियाच्या डिजिटल नोमॅड व्हिसाला महिन्याला ४५०० युरो लागतात. दुबईच्या व्हर्च्युअल वर्कला ३५०० डॉलर. थायलंडचा डीटीव्ही व्हिसा जुलै २०२४ मध्ये आला, तो कमाईपेक्षा बचतीवर जातो, खात्यात ५ लाख बात दाखवायचे, पाच वर्षांचा व्हिसा, एका वेळी १८० दिवस राहता येतं. मलेशियाचा डीई रांताऊ टेकवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलरवर मिळतो, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तो आधी झेपेल.

आता यातले तीन सापळे, तिन्हींत माझ्या ओळखीचं कुणी ना कुणी पडलंय.

पहिला, एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी. २०१४ पासून आहे, कार्ड येतं, कंपनी ऑनलाइन काढता येते, नावात रेसिडेन्सी आहे म्हणून माणूस खूश होतो. तिच्यावर तुम्हाला एस्टोनियात राहता येत नाही, शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, पाऊलही टाकता येत नाही, ती व्हिसा नाहीच. माझ्या मित्राने हे कार्ड काढून पेढे वाटले होते.

दुसरा, "दुबईत टॅक्स नाही". माणसाच्या पगारावर नाही, बरोबर. कंपनीच्या नफ्यावर जून २०२३ पासून ९ टक्के आहे, ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर. कमी आहे, पण शून्य म्हणून हिशेब मांडून जाऊ नका.

तिसरा पोर्तुगालचा, एनएचआर नावाची टॅक्स सवलत. तिचे व्हिडिओ अजून फिरतायत, ती नव्या लोकांसाठी २०२४ पासून बंद झालीये. तिच्या जागी जे आलंय ते ठराविक क्षेत्रांतल्या लोकांसाठी आहे आणि ईमेल लिहिणारा माणूस त्यात बसत नाही, मी विचारून आलोय.

आणि हो, तुम्ही सर्व्हिस देता की प्रॉडक्ट विकता यावर व्हिसाचा प्रकार बदलतो. डी-८ ला "मी अमुक कंपनीला अमुक सेवा देतो" हे दाखवायचं असतं. नुसतं कोर्स, टेम्प्लेट, टी-शर्ट विकणाऱ्याकडे क्लायंटच नसतो, ग्राहक असतात, करार कुणाशी दाखवणार? त्यांच्यासाठी धंदेवाल्यांचा डी-२ आहे, त्याला बिझनेस प्लॅन वगैरे लागतो. मी टेम्प्लेटची कमाई फाइलमध्ये मोजलीच नाही, फक्त महिन्याच्या फीवाले क्लायंट दाखवले.

३. कमाई कागदावर आणा (इथे वेळ घाला)

माझी कमाई खरी होती. पण कागदावर कशी दिसत होती ते सांगतो. क्लायंटने दिले १२०० डॉलर, पेमेंट कंपनीने फी कापली, ते पैसे तिथेच पडून राहिले, दहा दिवसांनी दुसऱ्या क्लायंटचे आले, मग मी दोन्ही मिळून एकदम बँकेत ओढले, बँकेने आपल्या रेटने रुपये केले. स्टेटमेंटमध्ये क्लायंटचं नाव कुठेच नाही, पेमेंट कंपनीचं आहे, आणि रक्कम कुठल्याच इन्व्हॉइसशी जुळत नाही. समोरचा अधिकारी हे बघून काय समजणार?

म्हणून अर्ज करायच्या किमान सहा महिने आधीपासून हे करा. प्रत्येक इन्व्हॉइसला नंबर. एका इन्व्हॉइसचे पैसे आले की तेवढेच बँकेत ओढायचे, दोन एकत्र करायचे नाहीत. आणि एक साधी शीट: इन्व्हॉइस नंबर, तारीख, क्लायंट, किती डॉलर, किती फी कापली, बँकेत कधी जमा, किती रुपये. परदेशातून पैसे आल्याची जी पावती मिळते, ज्याला सगळे फायरा म्हणतात, ती प्रत्येक पेमेंटची डाउनलोड करून त्याच नंबरने सेव्ह करायची. माझी अशी चाळीस-पंचेचाळीस पानं झाली, वर ती एक पानी शीट लावली, आणि व्हिसा सेंटरवरच्या मुलीने फाइलमधलं तेवढं एकच पान नीट वाचलं.

करार. माझं सगळं काम व्हॉट्सॲपवरच्या "ओके लेट्स स्टार्ट" वर चाललं होतं. अर्जाला करार लागतात म्हटल्यावर चार क्लायंटना मेल केला. दोघांनी त्याच दिवशी सही करून पाठवलं, एकाने वकिलाला दाखवतो म्हणून तीन आठवडे घेतले, एकाने उत्तरच दिलं नाही. एक-दीड पान पुरतं: काम काय, महिन्याची फी किती, कधीपासून, आणि हे काम मी कुठूनही रिमोट करू शकतो असं स्पष्ट वाक्य. ते शेवटचं वाक्य विसरू नका.

आता इन्कम टॅक्स रिटर्न. हे जरा दुखरं आहे. आपल्याकडे टॅक्स वाचवायचा म्हणून रिटर्नमध्ये नफा कमीत कमी दाखवायची सवय असते, ४४एडी कलमामध्ये डिजिटल पेमेंटवर ६ टक्के नफा दाखवला तरी चालतो, ४४एडीए मध्ये ठराविक प्रोफेशनवाल्यांना ५० टक्के. कायद्यात बसतं तिथे बसवा, माझी ना नाही. पण मग व्हिसाच्या फाइलमध्ये एकीकडे महिन्याला चार लाखाचे इन्व्हॉइस आणि दुसरीकडे रिटर्नवर वर्षाचं उत्पन्न पाच लाख, हे शेजारी-शेजारी ठेवल्यावर कसं दिसतं? मला सीएने वेळेवर सांगितलं म्हणून त्या वर्षी प्रत्यक्ष खर्च वजा करून खरा नफा दाखवला, टॅक्स जास्त भरला, आणि आईला वाटलं की पोरगं कुणीतरी फसवलं. जीएसटीचंही बघून घ्या, सर्व्हिसवाल्यांना वर्षाला २० लाखांच्या वर नोंदणी लागते आणि एक्स्पोर्टवर टॅक्स न भरता काम करायचं तर एलयूटी (हमीपत्र) दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचा असतो. तो विसरलेले लोक मी बघितलेत.

(१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा सीएशी बोलताना जुना नंबर सांगून वाद घालू नका.)

४. नावाचा घोळ आत्ताच मिटवा

हा खास आपला महाराष्ट्री प्रॉब्लेम. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. पॅनवर आणखी काहीतरी. माझ्या बाबांचं नाव एका कागदावर दत्तात्रय, दुसऱ्यावर दत्तात्रेय, आणि बँकेत नुसतं डी. इथे कुणी विचारत नाही, तिकडे दत्तात्रय आणि दत्तात्रेय हे दोन वेगळे बाप धरतात.

करायचं काय: पासपोर्ट हा मुख्य कागद धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या स्पेलिंगला आणायचं, उलटं नाही. आधार आणि पॅन सुधारणं सोपं आहे. जिथे सुधारणं शक्य नाही तिथे दोन्ही नावं एकाच माणसाची असं ॲफिडेव्हिट, नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळ कोर्टाच्या बाहेर नोटरी बसतात तिथे अर्ध्या तासात होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर हे पहिल्या दिवशी हातात घ्यावं, माझ्या मित्राच्या बायकोची डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि विवाह नोंदणीचा दाखलाच काढलेला नव्हता, हॉलचा फोटो आणि पत्रिका यावर भागवलं होतं सगळं. चार महिने गेले त्यात.

जन्मदाखला काढून बघा. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. नाव टाकून घ्यायला महापालिकेत अर्ज करावा लागतो.

मग अपोस्टिल. हा म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, की हा कागद खरा आहे. असे शिक्के एकमेकांचे मानायचे असा देशादेशांतला करार आहे, भारत त्यात २००५ पासून आहे. सरकारी फी कागदामागे फक्त ५० रुपये, कागद गोळा करणाऱ्या एजन्सीचा चार्ज वेगळा. मला इथल्या एका एजंटाने एका कागदाचे सहा हजार सांगितले होते, "अर्जंट आहे ना साहेब तुम्हाला". पण जर्मनीला जाणाऱ्यांनी थांबा, जर्मनी भारताचं अपोस्टिल मान्य करत नाही, त्यांची पद्धत वेगळी आहे, आधी विचारा मग खर्च करा. डिग्री पुणे विद्यापीठाची असेल, म्हणजे नाशिकच्या बहुतेक कॉलेजांची, तर तिच्या पडताळणीला वेळ धरा. डी-८ ला डिग्री लागतच नाही, मी उगाच करून बसलो.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्याच वेबसाइटवरून, फी ५०० रुपये. पोलीस स्टेशनमधून फोन येतो, घरी पत्ता बघतात, दोन शेजाऱ्यांची नावं विचारतात. फार लवकर काढू नका, जुनं झालेलं चालत नाही, मला यामुळे दोनदा काढावं लागलं आणि दुसऱ्या वेळी शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं की पोराने काही केलंय का.

५. जायची तारीख तिकिटाच्या भावावरून ठरवू नका

ही माझी सगळ्यात महागातली चूक. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. कामधंद्यासाठी देश सोडून जाणारा भारतीय त्या वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिला तर तो त्या पूर्ण वर्षासाठी इथला रेसिडेंट. रेसिडेंट म्हणजे जगात कुठेही कमावलेलं इथे दाखवायचं. १ एप्रिलपासून मोजलं की १८२ वा दिवस येतो २९ सप्टेंबरला.

मी गेलो नोव्हेंबरात. दिवाळी करून जाऊ, तिकीट पण स्वस्त आहे, एवढाच विचार. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च पोर्तुगालात बसून जे कमावलं तेही इथल्या रिटर्नमध्ये आलं. पोर्तुगालचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, ते आपला हिशेब वेगळा मागतात. दोन्ही देशांत करार आहे, डबल टॅक्स लागत नाही, एकीकडे भरलेल्याची वजावट दुसरीकडे मिळते, पण ती मिळवायला तिकडचं टॅक्स रेसिडेन्सीचं सर्टिफिकेट, तिकडचा भरणा, इकडचा फॉर्म, आणि दोन सीए, जे एकमेकांशी बोलत नाहीत. गुढीपाडव्यानंतर, सप्टेंबरच्या आधीच बाहेर पडलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून सोपा नियम: शक्यतो एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत निघा, आणि त्या वर्षी पुन्हा सुट्टीला येण्याचे दिवसही त्या १८२ मध्ये धरा. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजतात असं धरूनच चाला. बोर्डिंग पास फेकू नका.

इथे कंपनी असेल त्यांच्यासाठी एक. प्रायव्हेट लिमिटेडला किमान एक डायरेक्टर वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा लागतो, एलएलपीला १२० दिवस राहणारा एक भागीदार. तुम्ही आणि तुमचा पार्टनर दोघेही उडालात तर कंपनीचं काय, हे विमानात आठवून उपयोग नाही.

६. पैशाच्या वाटा

बँकेचं साधं सेव्हिंग खातं एनआरआय झाल्यावर तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यायचं असतं, परकीय चलनाच्या फेमा कायद्याने. बहुतेक लोक करत नाहीत आणि काही होतही नाही, होईपर्यंत. एनआरओत भाडं, व्याज असे इथले पैसे. परदेशात कमावलेलं इकडे पाठवायला एनआरई, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही आणि पैसे परत बाहेर नेता येतात. नवीन पीपीएफ एनआरआयला उघडता येत नाही, जुना असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहतो, तेव्हा उघडायचा असेल तर जायच्या आधी उघडा. म्युच्युअल फंडाचं केवायसी बदलायचं.

जाताना बचत बरोबर न्यायची तर वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपल्याला ती मर्यादा काय करायचीये, पण १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते. परत मिळतो रिटर्नमध्ये, पण तोवर अडकतो, आणि नेमका तेव्हाच घराचं डिपॉझिट भरायचं असतं.

आता पेमेंट अकाउंट. स्ट्राइप, पेपाल यांची खाती देशाला बांधलेली असतात, खात्याचा देश नंतर बदलता येत नाही, नव्या देशात नवं खातं काढावं लागतं. ज्यांची मेंबरशिप, सबस्क्रिप्शन चालू आहेत त्यांना हे डोक्याला ताप आहे, ग्राहकांना पुन्हा कार्ड टाकायला लावलं की काही जण त्या निमित्ताने बंदच करतात. मी काय केलं, तर काही न सांगता ब्रागाहून जुन्या भारतीय खात्यात लॉगिन करत राहिलो. अठरा दिवसांनी खातं गोठलं, आत २१०० डॉलर, सोडवायला सात आठवडे. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझी होती, नियम लिहिलेला होता. जायच्या दोन महिने आधी क्लायंटना कळवा की अमुक तारखेपासून पैसे नव्या खात्यात, आणि मधल्या काळासाठी तीन महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला काढा.

७. फाइल आणि मुंबईची फेरी

फाइल मुंबईच्या व्हीएफएस सेंटरला द्यायची, व्हिसाचे अर्ज तेच घेतात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेलात तर दुपारची अपॉइंटमेंट आरामात गाठता येते, सकाळी अकराच्या आतली घेऊ नका, कसाऱ्याला गाडी थांबली की तुमचा जीव वर-खाली. मी कारने गेलो होतो आणि घाटात ट्रक आडवा, पुढचं सांगत नाही.

माझ्या फाइलमध्ये हे होतं:

– पासपोर्ट, जुना असेल तर तोही, आणि फोटो
– क्लायंटचे करार, सहा महिन्यांचे इन्व्हॉइस, ती एक पानी शीट, फायरा
– सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्याचं
– तीन वर्षांचे रिटर्न
– बचतीचा पुरावा, तिथल्या किमान पगाराच्या बारा पट
– पोलीस क्लिअरन्स, अपोस्टिलसकट
– राहण्याचा पुरावा
– प्रवासाचा विमा
– मी कोण, काय करतो, पोर्तुगालच का, असं एक पानी पत्र

राहण्याचा पुरावा हाच खरा काटा. इथे बसून तिकडचं घर कसं घेणार? फेसबुकवर फोटो बघून ॲडव्हान्स पाठवू नका, माझ्याबरोबरच्या एका मुलाचे नऊशे युरो गेले, पोचल्यावर कळलं की त्या पत्त्यावर सलून आहे. तिकडे आधीच राहणाऱ्या माणसाला घर बघायला पाठवा, नसेल कुणी तर पैसे देऊन पाठवा. आणि भाडेकरार तिथल्या टॅक्स ऑफिसात नोंदवणार का हे मालकाला पहिल्याच फोनला विचारा. काही मालक टॅक्स वाचवायला नोंदवत नाहीत, भाडं कमी सांगतात, आणि मग तुमचा तो करार पुढे रेसिडेन्सीच्या वेळी दाखवता येत नाही.

एजंट लावायचा का? माझं मत नाही. कागद तर तुम्हालाच गोळा करायचेत, तो फक्त प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालतो.

८. पोचल्यावर

व्हिसा चार महिन्यांचा असतो, त्यात आयमा नावाच्या ऑफिसात जाऊन रेसिडेन्स परमिटचं काम करायचं. जुन्या माहितीत एसईएफ लिहिलेलं दिसेल, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद होऊन आयमा झालं.

टॅक्स नंबर म्हणजे निफ, तो नसला की बँक खातं नाही, घर नाही, मोबाइलचा प्लॅनसुद्धा नाही. मग टॅक्सच्या पोर्टलवर धंद्याची नोंद करायची, फ्रीलान्सर तिथूनच पावत्या फाडतात, त्यांना हिरव्या पावत्या म्हणतात. सोशल सिक्युरिटी सेवेच्या कमाईच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के, पण पहिल्यांदा धंदा उघडणाऱ्याला पहिले बारा महिने माफ. तेरावा महिना कॅलेंडरला लावून ठेवा, त्या महिन्यात बजेटला खड्डा पडतो, कुंभमेळ्यासाठी खोदलेल्या रस्त्यासारखा, अचानक समोर.

थंडी. निफाडची थंडी बघितलेली माणसं आपण, आपल्याला काय होतंय असं मलाही वाटलेलं. तिथे बाहेर आठ डिग्री आणि घरात पण आठच, घरं गरम ठेवायची सोयच नसते, महिना-महिना पाऊस, भिंतीला काळी बुरशी. पहिल्या पगारात, म्हणजे पहिल्या इन्व्हॉइसमध्ये, हवेतलं पाणी ओढणारं मशीन घेतलं, रात्रीतून डबाभर पाणी निघायचं.

सामानात गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, कोंडाजीचा चिवडा बिनधास्त न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने कढवलेलं किलोभर साजूक तूप लिस्बनच्या विमानतळावर एका माणसाने हातमोजे घालून कचऱ्यात टाकलं, मी आईला अजून सांगितलेलं नाही, मध्ये विचारत होती संपलं का.

९. घरी काय ठेवून जायचं

भारतातला मोबाइल नंबर चालू राहिला पाहिजे. बँक, आधार, इन्कम टॅक्स, सगळ्यांचा ओटीपी त्यावर. जायच्या आधी रोमिंगवर एसएमएस येतात का हे बघा आणि कमीत कमी रिचार्जवर जिवंत ठेवा. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट हवं असेल तर पेठ रोडच्या आरटीओत आधीच काढा, वर्षभर चालतं. घरच्या कुणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र करून ठेवा, बँक आणि प्रॉपर्टीच्या कामापुरतं, सगळे अधिकार देणारं नको. सगळे कागद स्कॅन करून एक कॉपी घरच्या फोनमध्ये.

माझी अडचण अशी झाली की इथलं सिम रोमिंगला नीट चालेना, मग ते आईच्या जुन्या फोनमध्ये टाकून ठेवलं. तिला शिकवायला लागलो की ओटीपी आला की मलाच वाचून दाखवायचा, बाकी कुणी फोन केला, बँकेतून बोलतोय म्हणाला, अगदी माझं नाव सांगितलं तरी द्यायचा नाही. दोन रविवार गेले त्यात. तिसऱ्या रविवारी मला रिटर्न भरायचं होतं, पोर्तुगालच्या नंबरवरून फोन केला, आवाज नीट येत नव्हता, तर म्हणाली, "माझा मुलगा मला व्हिडिओ कॉल करतो," आणि फोन ठेवून दिला.